स्वयंसेवी व्यावसायिक संघटनेत पदाधिकाऱ्यांशी आणि सभासदांशी बोलायचं कसं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या पेशाच्या संघटनेत मी आधी बरीच वर्षं नुसती सभासद होते, मग न्यूजलेटर गळ्यात आलं, मग सेक्रेटरीपद, त्यामुळे उत्तर न आल्याने चिडणारी बाजूही मी जगलेय आणि उत्तर द्यायला वेळ न मिळणारी बाजूही. खालचे प्रश्न मला परत परत विचारले जातात म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

अध्यक्षांना मेल टाकून दहा दिवस झाले, काहीच उत्तर नाही. मुद्दाम टाळतायत का?

बहुतेक वेळा नाही हो. अशा संघटनेत अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार सगळे आपली नोकरी किंवा प्रॅक्टिस सांभाळून हे काम करतात, रात्री जेवणं झाल्यावर किंवा रविवारी सकाळी तासभर मिळतो तेवढ्यात त्यांना पन्नास मेल बघायचे असतात. त्यात ज्या मेलला दोन ओळीत उत्तर देता येतं त्याला आधी उत्तर जातं आणि ज्याच्यासाठी जुने कागद शोधायला लागतील, कोणालातरी विचारायला लागेल किंवा मुळात काय हवंय हेच समजून घ्यायला लागेल तो मेल "उद्या निवांत बघू" म्हणून बाजूला पडतो, आणि तो निवांत उद्या काही येत नाही. मी सेक्रेटरी असताना सगळ्यात जास्त उशीर कोणाला केला असेल तर ज्यांनी मनापासून दोन पानं लिहिली होती त्यांना, याचं मला आजही वाईट वाटतं. त्यामुळे उत्तर आलं नाही की आधी आपला पाठवलेला मेल उघडून वाचा आणि बघा की समोरच्याने नेमकं काय करायचं हे त्यात एका वाक्यात सापडतंय का. सापडत नसेल तर परत पाठवताना तेवढं वाक्य सगळ्यात वर आणा.

आठवण किती दिवसांनी करावी?

घाईचं नसेल तर आठवड्याने. आणि नुसतं "सर, माझ्या मेलचं काय झालं?" नको, त्याच मेलवर रिप्लाय करा म्हणजे जुना मजकूर खाली राहतो, आणि वर एका ओळीत परत सांगा की हे हवंय, या तारखेपर्यंत, कारण हे. दुसऱ्या आठवणीलाही काही आलं नाही तर सेक्रेटरीला विचारा की यासाठी दुसऱ्या कोणाशी बोलू का. याला कोणी चहाडी म्हणत नाही. उलट अध्यक्षांच्या डोक्यावरचं एक काम कमी होतं.

फोन? आधी मेसेज टाकून वेळ विचारा. दुपारी माणूस स्वतःच्या ऑफिसात मीटिंगमध्ये असतो आणि आपण संघटनेच्या नेमप्लेटबद्दल बोलायला फोन करतो, हे बरं दिसत नाही.

मुळात लिहायचं कोणाला? मी सगळं अध्यक्षांनाच पाठवते.

सगळेच पाठवतात, म्हणून तर तिथे तुंबतं. वर्गणी भरली पण पावती नाही आली तर खजिनदार, नाव किंवा पत्ता बदलायचा तर सभासदत्व बघणारी व्यक्ती, भाषण द्यायचंय किंवा वक्ता सुचवायचाय तर कार्यक्रम समिती, संघटनेच्या घटनेतला नियम काय म्हणतो ते सेक्रेटरी. अध्यक्षांकडे तेवढंच न्या ज्यात धोरणाचा निर्णय आहे किंवा जे बाकी कोणाच्याच खात्यात बसत नाही.

दुसरं असं की पदं बदलत राहतात. आयईईई सारख्या, इंजिनियर लोकांच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनेत सुद्धा माणूस एक वर्ष नियोजित अध्यक्ष, एक वर्ष अध्यक्ष आणि मग एक वर्ष माजी अध्यक्ष असतो, म्हणजे प्रत्यक्ष खुर्ची एकच वर्ष. छोट्या संघटनांमध्ये एक किंवा दोन वर्षं असतात. म्हणून मागच्या वेळी ज्यांना लिहिलं होतं त्यांनाच परत लिहायच्या आधी आता कोण आहे ते बघा, आणि पदाच्या नावाचा ईमेल असेल तर त्याच्यावरच पाठवा, माणूस बदलला तरी मेल योग्य जागी पोचतो. आणि माजी अध्यक्षांना विसरू नका, जुनं काय का ठरलं होतं हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं आणि आता त्यांच्याकडे थोडा वेळही असतो.

बरं, पण मेलमध्ये नेमकं लिहायचं काय?

आधी हे बघा, असे मेल मला खूप यायचे:

"नमस्कार मॅडम, आपल्या संघटनेत तरुण सभासदांसाठी काहीच होत नाही असं अनेकांचं म्हणणं आहे. यावर गांभीर्याने विचार व्हायला हवा. कृपया लक्ष घालावे."

यात भावना खरी आहे, पण वाचून मी करू काय? अनेक म्हणजे कोण, काहीच म्हणजे काय, लक्ष घालायचं म्हणजे सोमवारी सकाळी उठून मी कोणाला फोन करू? आता हाच विषय असा आला तर:

"नमस्कार मॅडम, नोकरीची पहिली तीन वर्षं चालू असलेल्या सभासदांसाठी दीड तासाची एक ऑनलाइन भेट घ्यावी असं आम्हा चौघांना वाटतं. वक्ता आम्ही बघतो, सूत्रसंचालन मी करेन. तुमच्याकडून दोनच गोष्टी हव्यात, संघटनेचं नाव वापरायची परवानगी आणि सगळ्या सभासदांना एक मेल. येत्या कमिटी मीटिंगमध्ये हा विषय घ्याल का? हो किंवा नाही एवढं २० तारखेपर्यंत कळवलंत तरी पुरे."

याला उत्तर द्यायला मला एक मिनिट लागतं. काय हवंय, कोण करणार, माझ्याकडून किती, आणि कधीपर्यंत, एवढं असलं की झालं. विषयाच्या ओळीतही "महत्त्वाचे" असं लिहू नका, प्रत्येकालाच आपलं महत्त्वाचं असतं, "२० तारखेपर्यंत परवानगी हवी : तरुण सभासदांची भेट" असं लिहा. आणि एका मेलमध्ये एकच विषय, कारण तीन विषय घातले की सोप्या एकाचं उत्तर येतं आणि बाकीचे दोन हरवतात.

सगळ्या कमिटीला सीसी ठेवलं तर दबाव येतो ना?

दबाव येतो आणि मन उतरतं. बारा जण सीसीत बघितले की ज्याला लिहिलंय त्याला वाटतं आपल्याला चारचौघांत उभं केलं, आणि त्या बारा जणांना वाटतं तो देईल उत्तर. ज्याने करायचंय तो "प्रति" मध्ये, ज्याला खरंच माहीत असायला हवं तो सीसीत, बस. आणि "अभिनंदन", "धन्यवाद" यासाठी रिप्लाय ऑल नको, प्लीज.

व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यांनी अंगठा दाखवला, म्हणजे ठरलं ना?

नाही. यावरून मी चांगली जुळलेली कमिटी फाटताना बघितलीय. एकाला अंगठा म्हणजे "वाचलं", दुसऱ्याला म्हणजे "मान्य", आणि ज्याने बघितलंच नाही तो दोन महिन्यांनी विचारतो हे कधी ठरलं. ग्रुप हा आठवण द्यायला, लिंक टाकायला, उशीर होतोय सांगायला चांगला. पैसे, नेमणुका, संघटनेच्या नावाने बाहेर जाणारं पत्र असले निर्णय मीटिंगमध्ये घ्या, किंवा घटनेत ईमेलने मतदान चालतं असं असेल तर ईमेलने, आणि पुढच्या इतिवृत्तात त्याची नोंद करा. ग्रुपवर बोलता बोलता काही ठरल्यासारखं झालंच तर कोणीतरी त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाकावा, "आज असं बोलणं झालं, पुढच्या मीटिंगमध्ये मंजुरीला ठेवतोय, कोणाला हरकत असेल तर सांगा".

मोठ्या सभासद ग्रुपसाठी एक सेटिंग फार उपयोगी आहे, फक्त ॲडमिनच मेसेज टाकू शकतील असं. सूचनांचा ग्रुप तसा ठेवायचा आणि गप्पांचा वेगळा. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये १,०२४ जण मावतात, त्यातल्या दहा जणांनी शुभ सकाळ टाकलं तरी वार्षिक सभेची तारीख वर सरकून जाते आणि मग "आम्हाला कळवलंच नाही".

मी आता सेक्रेटरी झालेय. सभासद मेल वाचतच नाहीत, काय करू?

वाचतात, पण वरच्या तीन ओळी, तेही मोबाइलवर, कुठेतरी रांगेत उभं असताना. आणि आपण सुरुवात करतो "आपणा सर्वांस कळविण्यास अत्यंत आनंद होतो की" इथून, म्हणजे त्या तीन ओळी गेल्याच. कार्यक्रमाचा मेल असेल तर पहिल्याच ओळीत काय, कधी, कुठे आणि नाव नोंदवायची लिंक. आनंद खाली व्यक्त करा, कोणाची हरकत नाही.

पोस्टर नुसतं चित्र म्हणून जोडू नका. चित्रातला मजकूर शोधता येत नाही, कॉपी होत नाही, लिंक दाबता येत नाही, आणि आपल्यातल्याच एखाद्या दृष्टिहीन सभासदाचं स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तिथे अडतं. चित्र असू दे, पण तोच मजकूर खाली टाइप केलेला हवा.

किती मेल पाठवायचे हाही प्रश्न आहे. आमच्याकडे प्रत्येक उपसमिती आपापलं पाठवायची, एका आठवड्यात पाच मेल गेले आणि लोकांनी आम्हाला स्पॅममध्ये टाकलं. त्यानंतर आम्ही महिन्याचं एक पत्र ठरवलं, ठरलेल्या तारखेला, आणि त्याशिवाय फक्त तेच ज्यात सभासदाने काहीतरी करायचं आहे, म्हणजे मतदान, वर्गणी, नावनोंदणी. लोक परत वाचायला लागले. साध्या जीमेलवरून एका दिवसात ५०० लोकांपर्यंतच मेल जातो, त्यामुळे सभासद जास्त असतील तर मेलिंग लिस्टची सोय करा, तुकडे पाडून पाठवण्यात कोणीतरी राहतंच.

आणि उत्तर द्यायला जागा ठेवा. ज्या पत्त्यावर उत्तर चालत नाही अशा पत्त्यावरून सभासदांशी बोलणं मला पटत नाही, ती माणसं वर्गणी भरतात म्हणून संघटना आहे.

"कोणी मदत करेल का?" असं ग्रुपवर विचारलं, सगळे गप्प. इतकी अनास्था?

याला मी अनास्था नाही म्हणणार. जॉन डार्ली आणि बिब लटाने या दोन मानसशास्त्रज्ञांचा १९६८ सालचा एक प्रयोग आहे. इंटरकॉमवर बोलता बोलता पलीकडच्या माणसाला फेफऱ्याचा झटका आल्याचा आवाज ऐकवायचा. आपण एकटेच ऐकतोय असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के लोक तो झटका संपायच्या आत मदतीला उठले, आणि आणखी चार जण ऐकतायत असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यात हेच प्रमाण ३१ टक्के होतं. माणूस मरणाच्या दारात आहे असं वाटत असताना ही गत, तर नोंदणीच्या टेबलावर कोण बसणार यासाठी दोनशे जणांच्या ग्रुपवर हाक मारून काय होणार.

एका माणसाला, नावाने, वेगळं विचारा. आणि काम मोजून द्या. "कॉन्फरन्सला मदत कराल का" याला लोक घाबरतात कारण त्याला तळ दिसत नाही, पण "शनिवारी सकाळी ८ ते १० नोंदणीच्या टेबलावर बसाल का, सोबत अजून एक जण आहे, यादी मी आणून देते" याला हो येतं. त्याच माणसाला का विचारताय तेही सांगा, "मागच्या वेळी तुम्ही नव्या लोकांशी छान बोलत होतात" हे खरं असेल तर जरूर सांगा. आणि शेवटी, मनापासून, "जमत नसेल तर तसं सांगा, मी दुसऱ्यांना विचारते". हे वाक्य असलं की लोक नाही म्हणतात तेही लगेच, आणि लगेच आलेलं नाही हे तीन आठवड्यांनी गळालेल्या हो पेक्षा कितीतरी बरं.

हो म्हणाला, आणि आता फोनच उचलत नाही.

त्याच्या घरी काय चाललंय आपल्याला माहीत नसतं. पहिला मेसेज कामाचा नको, विचारपूस करा. मग सरळ पर्याय द्या: "हे तुमच्याकडेच ठेवू, कोणी जोडीला देऊ, की दुसऱ्या कोणाला देऊ? तिन्ही चालेल, गुरुवारपर्यंत सांगा, नाहीतर मी दुसरी सोय करते." बरेच लोक लाजेने गप्प असतात, काम झालेलं नसतं म्हणून तोंड चुकवतात, आणि त्यांना सुटायची वाट दिली की सुटकेचा श्वास टाकून बोलायला लागतात. गुरुवारी खरंच दुसरी सोय करा मात्र. पगार नाही म्हणून जाब विचारता येत नाही हे बरोबर आहे, पण काम काढून घेता येतं, आणि ते चारचौघांत न बोलता करता येतं.

मला स्वतःला नाही म्हणता येत नाही.

"सध्या जमणार नाही" एवढं पुरतं. कारणांची यादी दिली की समोरचा एकेक कारण सोडवायला बसतो. जमलं तर पुढे जोडा की काय जमेल, "संपादन नाही, पण महिन्याला एक लेख तपासून देईन".

मीटिंगमध्ये दोन-तीन जणच बोलतात, माझा विषय येतच नाही.

विषय मीटिंगच्या आधी विषयपत्रिकेवर आणा. सेक्रेटरीला आठवडाभर आधी लिहा, सोबत अर्ध्या पानाचं टिपण आणि ठरावाचा मसुदा, "असे ठरले की..." अशा शब्दांत. "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय" यावर विसंबू नका, तिथपर्यंत पोचेतो निम्मे लोक घड्याळ बघत असतात आणि कोरम राहिलाय का हाच प्रश्न असतो.

सभेचे नियम काही लोकांना उगाच जाचक वाटतात. हेन्री रॉबर्ट नावाच्या अमेरिकन लष्करी इंजिनियरला १८६३ साली एका सभेचं अध्यक्षस्थान दिलं गेलं, सभा कशी चालवायची हे माहीत नव्हतं आणि तिचा पुरता गोंधळ झाला. त्या नामुष्कीतून त्याने अभ्यास करून १८७६ मध्ये सभानियमांचं पुस्तक काढलं, आणि अजूनही कित्येक संघटना तेच नियम वापरतात. त्यातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा नियम म्हणजे एकाच ठरावावर ज्याला अजून बोलायचंय अशा माणसाची पहिली पाळी झाल्याशिवाय आधी बोललेल्याला दुसऱ्यांदा बोलू द्यायचं नाही. हा एवढा एक नियम अध्यक्षांनी पाळला तरी गप्प बसणारे बोलायला लागतात. तुम्ही अध्यक्ष असाल तर ऑनलाइन मीटिंगमध्ये नाव घेऊन विचारा, पण "तुम्हाला काही म्हणायचंय का" एवढंच, कोणाला पकडल्यासारखं नको.

इतिवृत्त किती सविस्तर लिहू?

काय ठरलं, कोणी करायचं, कधीपर्यंत, ठरावाचे सूचक आणि अनुमोदक कोण. कोण कोणाला काय म्हणालं ते नको. दोन दिवसांत पाठवा, कच्चं का असेना, महिन्याने पाठवलेलं इतिवृत्त सगळ्यांनाच परकं वाटतं.

सभासद वेगवेगळ्या देशांत आहेत, वेळेचा घोळ होतो.

वेळ लिहिताना यूटीसी, म्हणजे जगभर एकच धरलेली प्रमाणवेळ, लिहा आणि सोबत कॅलेंडरचं आमंत्रण पाठवा, ते ज्याच्या त्याच्या वेळेत दिसतं. मार्चमध्ये खास सांभाळा. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात शेवटच्या रविवारी, आणि कित्येक देशांत हलतच नाहीत, त्यामुळे मधले दोन-तीन आठवडे नेहमीची मीटिंग कोणासाठी तरी तासभर सरकते. आणि दर वेळी एकाच भागातल्या लोकांनी पहाटे उठायचं असं करू नका, आलटून पालटून गैरसोय वाटून घ्या.

पदाधिकाऱ्यांची चूक झालीय. सांगायचं कसं?

आधी खाजगीत, आणि चूक सांगा, हेतू सांगू नका. "जमाखर्चात हॉलच्या भाड्याची रक्कम दोनदा आलीय असं दिसतंय, बघाल का?" हे आणि "हिशोबात घोळ आहे" हे, दोन्हीतून निघणारी उत्तरं फार वेगळी असतात. रात्री रागात लिहिलंत तर मसुदा ठेवून द्या. जीमेलचं पाठवलेलं परत घ्यायची मुदत वाढवून वाढवून ३० सेकंदच होते, राग तेवढ्यात जात नाही. खाजगीत सांगून काही झालं नाही आणि विषय खरंच गंभीर असेल, पैशाचा, निवडणुकीचा, कोणाच्या छळाचा, तर मग भिडस्तपणा नको, लेखी, तारखेसह, घटनेत जी तक्रारीची वाट आहे तिथून. छळाच्या बाबतीत तर आधी खाजगीत जाऊन त्याच माणसाशी बोला असं मी कोणालाच सांगणार नाही.

आणि पदाधिकारी असाल तर तक्रारीला पहिलं उत्तर "मिळाली, बघतोय, अमुक तारखेपर्यंत सांगतो" एवढंच द्या, आणि त्या तारखेला काहीतरी सांगाच, अजून झालं नाही हे सुद्धा चालतं.

सभासदांची यादी मागितली तर द्यायची का?

फोन नंबर आणि ईमेल त्यांनी संघटनेला दिलेत, तुमच्या मित्राच्या ट्रेनिंग कंपनीला नाही. ज्याला संपर्क करायचाय त्याचा निरोप तुम्ही पुढे पाठवा, वाटलं तर सभासद स्वतः बोलतील. सगळ्यांना मेल करताना पत्ते बीसीसीत, म्हणजे ते एकमेकांना दिसत नाहीत.

नवीन सभासद पहिल्या कार्यक्रमानंतर परत दिसत नाहीत.

त्यांच्याशी कोणी बोललं होतं का? बहुतेक वेळा आपण जुने लोक इतक्या दिवसांनी भेटलेलो असतो की घोळका करून उभे राहतो, आणि नवा माणूस मोबाइल बघत कोपऱ्यात. स्वागताचा ठरीव मेल जाऊ दे, पण एका जुन्या सभासदाने आठवड्याभरात स्वतःहून फोन करावा, तुम्ही काय काम करता, इथून काय हवंय, आणि पुढच्या वेळी आलात की मला शोधा. आमच्याकडे आज न्यूजलेटर जी मुलगी बघते ती अशाच एका फोनमुळे टिकली.

माझी मुदत संपतेय, पुढच्यांना काय देऊ?

पासवर्ड आणि फायली तर द्याच, पण त्यासोबत अर्धवट राहिलेल्या बोलण्यांची यादी द्या. कोणाला काय शब्द दिलाय, कोणाचं उत्तर यायचंय, कोणाला आपण उत्तर देणं लागतो, कोणता सभासद दुखावलाय आणि का. मग त्या सगळ्यांना तुम्ही एक मेल टाका, नव्या सेक्रेटरींना सीसीत ठेवून, की यापुढे हे बघतील. मी हे केलं नव्हतं, आणि ज्यांना मी "पुढच्या महिन्यात नक्की" सांगितलं होतं त्या एका ज्येष्ठ सभासदांनी नव्या कमिटीला चार वेळा लिहिलं, कोणाला संदर्भच लागेना. शेवटी मला कळल्यावर मी त्यांना फोन केला, माफी मागितली आणि त्याच संध्याकाळी सगळा पत्रव्यवहार शोधून नव्या सेक्रेटरींना पाठवला.